दरीत यू-टर्न मिळत नाही : डोंगरातल्या विमान अपघातांमागचं साधं गणित

ज्यांना हा भाग लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आज एका माणसापासून सुरुवात करू. नाव स्पार्की आयमसन. अमेरिकेतले पायलट आणि इन्स्ट्रक्टर. लहान विमान डोंगरात कसं उडवायचं, यावर त्यांनी 'माउंटन फ्लाइंग बायबल' नावाचं पुस्तक लिहिलं. डोंगरात उडायला शिकणारे पायलट हे पुस्तक वर्षानुवर्षं वाचत आलेत. म्हणजे या विषयातले सर म्हणा ना!

तर जून २००७ मध्ये आयमसन मोंटाना राज्यातल्या एल्कहॉर्न डोंगररांगेत एका विद्यार्थ्याला हेच शिकवत होते, आणि विमान कोसळलं. सुदैवाने दोघेही वाचले. पुढे मार्च २००९ मध्ये, मोंटानातच, ते एकटेच सेसना १८० विमान घेऊन निघाले होते. तेही विमान पडलं आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला.

ज्यांनी नियम लिहिले, त्यांच्याच बाबतीत असं झालं. हे वाचल्यावर पहिला विचार येतो, 'मग नियम शिकून उपयोग काय?' माझ्या मावशीने मला अगदी हाच प्रश्न विचारला. माझा मावसभाऊ सध्या कमर्शियल पायलट लायसन्ससाठी तास भरतोय, आणि त्याच्या डोक्यात कोलोरॅडोला जाऊन माउंटन फ्लाइंगचा कोर्स करायचं आलंय. मावशीचा मला फोन : "तू इंजिनियर ना रे? मग नीट सांग, यात धोका नेमका कुठे असतो?" मी सॉफ्टवेअरवाला, विमानाचा पायलट नाही. पण आकडे मांडता येतात आणि तपासाचे अहवाल वाचता येतात. जे समजलं ते मावशीला सांगितलं, आता तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट : विमान जमिनीवर, पण हवा आकाशातली

कळसूबाई किती उंच? १,६४६ मीटर. आता कोलोरॅडोमधलं लेडव्हिल गाव बघा. तिथलं विमानतळच ३,०२८ मीटरवर आहे, म्हणजे ९,९३४ फूट. कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर धावपट्टी!

इतक्या उंचीवर हवा विरळ असते. विमानाला हवा तीन कामांसाठी लागते : पंखांना उचल देण्यासाठी, प्रोपेलरला ओढ देण्यासाठी आणि इंजिनात इंधन जाळण्यासाठी. हवा विरळ झाली की तिन्ही कामं एकदम कमजोर होतात. टर्बो नसलेलं साधं इंजिन ८,००० फुटांवर आपल्या ताकदीच्या साधारण ७५ टक्केच देऊ शकतं.

आता यात ऊन मिळवा. गरम हवा आणखी विरळ. पायलट लोक यासाठी 'डेन्सिटी अल्टिट्यूड' हा शब्द वापरतात. सोप्या भाषेत, विमानाला आपण किती उंचीवर आहोत असं *वाटतंय*, तो आकडा. ढोबळ हिशेब असा : त्या उंचीवर जे तापमान प्रमाण मानलंय, त्याच्या वरच्या प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे १२० फूट वाढवायचे. लेडव्हिलच्या उंचीवर प्रमाण तापमान साधारण उणे ५ अंश. उन्हाळ्याच्या दुपारी तिथे २० अंश असेल, तर फरक २५ अंशांचा. २५ गुणिले १२०, म्हणजे ३,००० फूट. म्हणजे विमान धावपट्टीवर उभं आहे, पण त्याच्या इंजिनाला आणि पंखांना वाटतंय की आपण जवळपास १२,९०० फुटांवर आहोत.

आणि ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सेसना १७२? त्याची 'सर्व्हिस सीलिंग' मॉडेलप्रमाणे १३ ते १४ हजार फुटांच्या आसपास असते. सर्व्हिस सीलिंग म्हणजे ज्या उंचीवर विमान मिनिटाला जेमतेम १०० फूट चढू शकतं ती उंची. समुद्रसपाटीला हेच विमान मिनिटाला ७०० फुटांच्या आसपास चढतं. म्हणजे लेडव्हिलला उन्हात टेकऑफ करणारं विमान आपल्या क्षमतेच्या टोकाशी येऊनच प्रवासाला सुरुवात करतंय. बॅटरी पाच टक्क्यांवर असताना ट्रेकला निघाल्यासारखं.

दुसरी गोष्ट : घाट विमानापेक्षा वेगाने चढतो

हे ऐकून माझा आधी विश्वासच बसला नाही, म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. तुम्हीही करून बघा.

समजा विमान ९० नॉट वेगाने चाललंय. म्हणजे ताशी १६७ किलोमीटर, मिनिटाला २.८ किलोमीटर. विरळ हवेमुळे ते मिनिटाला फक्त २०० फूट, म्हणजे ६१ मीटर चढतंय. मग एक किलोमीटर पुढे जाताना ते किती चढलं? २२ मीटर.

आता आपला बोरघाट आठवा. कर्जत ते लोणावळा रेल्वेमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे. म्हणजे एका किलोमीटरला २७ मीटर. गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात तो हाच चढ. म्हणजे आपलं हे विमान बोरघाटातल्या रुळांनाही हरवू शकत नाही! डोंगरातल्या दरीचा तळ तर याहून कितीतरी जोरात चढतो. किलोमीटरला १०० मीटर चढणारी दरी कॉकपिटमधून बघताना अगदी सौम्य दिसते.

पायलट दरीत शिरतो तेव्हा खालची जमीन हजार फूट खाली असते. छान वाटतं. तो चढतोय, काटाही चढ दाखवतोय. पण जमीन त्याच्यापेक्षा जास्त वेगाने चढत असते. काटा खोटं बोलत नाही, फक्त जमिनीचं काय चाललंय ते त्याला माहीत नसतं.

तिसरी गोष्ट : यू-टर्नला किती जागा लागते?

रस्ता चुकला की गूगल मॅप्सवाली बाई शांतपणे सांगते, 'यू-टर्न घ्या.' दरीत ही सोय आहे का, ते जागेवर ठरतं.

विमान वळताना एका बाजूला कलतं. वळणाची त्रिज्या दोन गोष्टींवर अवलंबून असते : वेग आणि कल. ३० अंश कल आणि ९० नॉट खरा वेग धरला, तर पूर्ण मागे फिरायला साधारण ७६० मीटर रुंदी लागते. वेग ६० नॉट केला तर सुमारे ३४० मीटर. १२० नॉट केला तर जवळजवळ १,३५० मीटर. म्हणजे वेग दुप्पट, तर जागा चौपट.

उंचीवर यात एक छुपी गोम आहे. वेग दाखवणारा काटा हवेच्या दाबावर चालतो. १०,००० फुटांवर काटा ९० दाखवत असेल, तर खरा वेग १०५ नॉटच्या आसपास असतो, कारण हवा विरळ आहे. डोळ्यांसमोर आकडा ओळखीचा, पण वळणाला आता ७६० नाही, एक किलोमीटरहून जास्त रुंदी हवी. खालच्या सपाट भागात शिकलेल्या पायलटच्या हाताला जुन्याच वळणाची सवय असते.

मग तुम्ही म्हणाल, जास्त कलवा की विमान! बरोबर, वळण लहान होतं. पण कललं की पंखांवर भार वाढतो, आणि ज्या वेगाखाली पंख उचल देणं सोडतात, तो 'स्टॉल'चा वेगही वाढतो. ४५ अंशांना साधारण १९ टक्के, ६० अंशांना ४१ टक्के. म्हणजे समोर कडा, घाबरून पायलट कल वाढवतो, नाक वर खेचतो, वेग पडतो, आणि पंख हवा सोडतात. बऱ्याच वेळा विमान कड्याला धडकतच नाही, ते वळता वळता दरीत पडतं.

यात डोळेही दगा देतात. दरीत खरं क्षितिज दिसत नाही. समोर चढत जाणारा उतार असतो, आणि मेंदू त्यालाच क्षितिज समजतो. विमान सरळ ठेवतोय असं वाटत असताना पायलट नाक थोडं थोडं वर करत राहतो. वेग हळूच कमी होतो. म्हणून डोंगरात बाहेर बघण्याइतकंच वेगाच्या काट्याकडे बघणं महत्त्वाचं.

चौथी गोष्ट : वारा

पावसाळ्यात नाणेघाटातला उलटा धबधबा पाहिलाय? कोकणातून आलेला वारा कड्याला आपटतो आणि पाणी वर फेकतो. विमान त्या बाजूला असेल तर फुकटची लिफ्ट. पण जो वारा एका बाजूने वर चढतो, तो धार ओलांडून पलीकडे खाली उतरतो. त्या बाजूला असलेलं विमान हवेसकट खाली जातं.

जोराचा वारा असला तर ही उतरती हवा मिनिटाला १,००० फूट किंवा त्याहून जास्त वेगाने खाली जाऊ शकते. आपलं विमान चढतंय २०० ने. वजाबाकी करा : पूर्ण ताकद लावूनही मिनिटाला ८०० फूट खाली. म्हणूनच शिखरांच्या उंचीवर वारा २५ नॉटच्या वर असला, तर लहान विमानाने जाऊच नये असा सर्वसाधारण नियम शिकवतात.

मग दोन पायलट असूनही अपघात का होतो?

मावशीचा पुढचा प्रश्न हाच होता : "शेजारी शिकवणारे सर बसलेले असताना काय होणारे?"

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे लगेच कळेल. एका कोडवर दोन रिव्ह्यूअर असले की पहिल्याला वाटतं दुसरा नीट बघेल, दुसऱ्याला वाटतं पहिल्याने बघितलंच असेल. कॉकपिटमध्येही तसंच. विद्यार्थ्याला वाटतं, पुढे जाणं धोक्याचं असतं तर सर बोलले असते. सरांना वाटतं, त्याला आपणहून वळायचा निर्णय घेऊ दे, अजून थोडी जागा आहे. दोघंही शहाणे, आणि मधल्या त्या वीस सेकंदांत दरी अरुंद होते. त्यात शिकवण्यासाठी मुद्दामच जमिनीच्या जवळ आणि दऱ्यांमध्ये जावं लागतं. आणि दुसरा माणूस म्हणजे वजनही वाढलं.

अनुभव तरी वाचवतो का? स्वित्झर्लंडचं उदाहरण बघा. ४ ऑगस्ट २०१८ ला १९३९ साली बांधलेलं एक जुनं युंकर्स ५२ विमान लोकार्नोहून ड्युबेनडॉर्फला निघालं होतं. हे ट्रेनिंगचं नव्हतं, सहलीचं होतं. पिझ सेग्नास शिखराजवळ ते कोसळलं आणि आतले सगळे २० जण गेले. दोन्ही पायलट स्विस हवाई दलात आणि एअरलाइनमध्ये मुरलेले. तपास यंत्रणेचा २०२१ चा अहवाल सांगतो की, विमान कमी उंचीवर अरुंद दरीत नेलं होतं, जिथून दुसरी वाट काढणं शक्य नव्हतं, आणि अशा खळबळीच्या हवेसाठी वेग धोकादायक इतका कमी होता. सुरक्षिततेचे नियम मोडून उडण्याची पायलटांना सवय झाली होती, हेही त्यात आहे. दर वेळी काही झालं नाही, म्हणून ते सुरक्षित वाटायला लागलं.

प्रॉडक्शनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करणाऱ्यांनो, ऐकताय ना?

आयमसन यांचे दोन नियम

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नियम शिकून उपयोग काय? आयमसन यांनी डोंगरातल्या उड्डाणाचं सार दोन नियमांत मांडलं. माझ्या शब्दांत सांगतो.

एक : नेहमी अशा जागी राहा, की तुम्हाला उतरत्या जमिनीकडे वळता येईल.

दोन : परतीचा बिंदू ओलांडू नका. जमीन विमानापेक्षा वेगाने चढू लागते, ती जागा म्हणजे धोक्याची रेषा. पण वळायचं त्याच्या आधीच. किती आधी? आत्ता या क्षणी इंजिनाची ताकद पूर्ण कमी केली, तरी विमान तरंगत तरंगत वळून सुखरूप मागे येईल, इतकं आधी.

या दुसऱ्या नियमातली हुशारी बघा. तो 'इंजिन चालेल' या भरवशावर बांधलेला नाही. सगळं बिघडलं असं धरून परतीची वाट शिल्लक आहे का, एवढंच तो विचारतो. आम्ही याला रोलबॅक प्लॅन म्हणतो. नवीन व्हर्जन टाकण्याआधी जुन्यावर परत कसं यायचं हे ठरलेलं हवं. सर्व्हर पडल्यावर ते ठरवायला बसलात तर रात्र जाते. दरीत रात्र नसते, काही सेकंद असतात.

बाकीच्या सवयी याच दोन नियमांतून निघतात.

दरीच्या मधोमध उडायचं नाही, एका बाजूने उडायचं. मधोमध असलात तर वळायला अर्धीच रुंदी मिळते, कडेला असलात तर पूर्ण मिळते.

अनोळखी दरीत खालून वर शिरायचं नाही. आधी वरून बघायचं, मग उंच टोकाकडून उतरत्या दिशेने जायचं.

डोंगराची धार ओलांडताना सरळ समोरून जायचं नाही, ४५ अंशांत तिरकं जायचं. मग उतरती हवा लागली तर ९० अंश वळलं की तुम्ही डोंगरापासून दूर निघालेले असता. शिवाय धारेच्या वर किमान १,००० फूट, वारा असेल तर २,००० फूट अंतर ठेवायचं.

सकाळी लवकर उडायचं. हवा थंड, म्हणजे दाट, आणि वारा शांत.

वजन कमी ठेवायचं. टाकी फुल आणि चारही सीट फुल असं डोंगरात चालत नाही.

आयमसन यांच्या अपघातांनी हे नियम खोटे ठरत नाहीत. उलट त्यातून एक गोष्ट कळते. हे नियम एकदा पाठ करून संपत नाहीत, प्रत्येक दरीच्या तोंडाशी नव्याने लावावे लागतात. हजार वेळा बरोबर लावले, म्हणून हजार एकाव्या वेळी सूट मिळत नाही.

आपला याच्याशी काय संबंध?

बराच आहे. १८ मार्च २०२३ ला गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेलं ट्रेनिंगचं एक लहान विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगराळ जंगलात कोसळलं. इन्स्ट्रक्टर आणि शिकणारी मुलगी, दोघांचाही जीव गेला. डोंगरात शिरायला माउंटन फ्लाइंगचा कोर्सच करावा लागतो असं नाही, आपल्याकडे डोंगर शेजारीच असतात.

आणि २९ मे २०२२ आठवा. नेपाळमध्ये पोखराहून जोमसोमला जाणारं ट्विन ऑटर डोंगरावर आदळलं. २२ जण गेले, त्यात ठाण्याचं चौघांचं एक कुटुंब होतं. नेपाळच्या तपासात दिसलं की विमान ढगांत शिरलं, मार्गावर लक्ष राहिलं नाही, आणि जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा दाबून ठेवलेली होती. अरुंद दऱ्यांतून नेहमी उडताना ही यंत्रणा सारखी ओरडते, मग माणसं तिचा आवाज बंद करतात. फोनवर नोटिफिकेशन म्यूट करणारे आपण सगळे हे समजू शकतो. फरक एवढाच की म्यूट केलेला ग्रुप रात्री बघता येतो.

तुमच्यातले कितीतरी जण एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं ठरवत असाल. लुक्लाची धावपट्टी २,८४५ मीटर उंचीवर, लांबी फक्त ५२७ मीटर, आणि चढ जवळपास १२ टक्के. समोर डोंगर, मागे दरी. तिथे उतरताना एका ठराविक टप्प्यानंतर परत वर जायची सोयच नसते. म्हणून तिथली उड्डाणं सकाळी होतात आणि ढग आले की रद्द होतात.

तेव्हा माझी एकच विनंती. ट्रेकच्या शेवटी दोन दिवस जास्तीचे ठेवा. काठमांडूहून मुंबईचं तिकीट लुक्लाच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. आणि 'आज फ्लाइट नाही' असं सांगितलं तर काउंटरवरच्या माणसाशी भांडू नका. 'बाकीचे गेले, मग आपण का नाही?' हा प्रवाशांचा दबाव कॉकपिटपर्यंत पोहोचतो. तिथे कुणीतरी परतीचा बिंदू ओळखून थांबलंय. ते आपल्यासाठीच आहे.

आणि मावशीला काय सांगितलं? म्हटलं, त्याला कोर्स करू दे. डोंगराचं गणित न शिकता डोंगराजवळ उडणं जास्त धोक्याचं आहे. फक्त त्याला एवढं विचारायला सांग : सर शेजारी असतानाही 'मला आत्ता वळायचंय' असं मोठ्याने म्हणायची त्याची तयारी आहे का? आणि ते ऐकून वाद न घालता वळू देणारे सर त्याला मिळालेत का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर जा म्हणावं.

तुमच्या ओळखीत कुणी पायलट होत असेल, किंवा नेपाळची तिकिटं काढत असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. आकड्यांत काही शंका असेल तर लिहा, आपण मिळून पुन्हा मांडू. तोपर्यंत, भेटूया पुढच्या भागात!